डावीकडची दुसरी फळी

डेल्मार हफ बोलायला मुळातच कंजूष, पण त्याच्या बोटांना सगळं कळायचं. ट्रकच्या दारावरून त्याने पालथा हात फिरवला की पत्र्याखाली लांबी भरून खड्डा कुठे बुजवलाय, रंग मूळचा की नंतरचा, हे तो डोळे मिटून सांगायचा. उभा जन्म त्याने शवपेट्यांच्या कारखान्यात सुतारकाम केलं. "माझ्या कामाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही," हा त्याचा एकमेव विनोद. तोच तो गेली चाळीस वर्षं सांगत आला, आणि आम्हीही बिचारे दरवेळी हसत आलो.

निवृत्त झाल्यावर जुन्या ट्रकांच्या मेळाव्यात तो परीक्षक म्हणून बसू लागला. आमच्या इंडियानात जुलै महिन्यात जत्रेच्या मैदानावर हा मेळावा भरतो. एके काळी कारखान्यातून निघाले तेव्हा भल्याभल्या मोटारींना मागे टाकणारे, आणि आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरलेले ट्रक तिथे येतात. त्यांचे मालक खुर्च्या टाकून बाजूला बसतात. ताटाबाहेर लोंबणारा डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा पावात घालून खातात आणि दुसऱ्याच्या ट्रकला नावं ठेवतात. ट्रक विकत घेणं सोपं, त्याच्याबद्दल बोलायचं थांबणं अवघड, अशी ही जमात आहे.

त्यांच्यात सगळ्यात मानाचा वर्ग म्हणजे 'हात न लावलेले'. रंग मूळचा, गादी मूळची, लाकूड मूळचं. गाडी पुन्हा नवी करता येते, पण मूळची ती एकदाच असते, असं हे लोक म्हणतात आणि शपथेवर मानतात. या वर्गाचे परीक्षक दोघं. एक डेल्मार, दुसरा क्लीट रगल्स. क्लीट जाडजूड, बडबड्या, कुणालाही नाही म्हणताना घाम फुटणारा. डेल्मार त्याच्या नेमका उलटा. दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा घेऊन तो गाडीखाली पाठीवर सरकायचा आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन थंडपणे म्हणायचा, "बोल्ट नंतरचा आहे." मालकाच्या बापाची ओळख असो की स्वतःच्या सख्ख्या भाच्याचा ट्रक असो, त्याने कधी कुणाची भीड धरली नाही.

लाकडाबद्दल तर त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. चौऱ्याण्णव साली ट्रकवाल्यांच्या मंडळाच्या पत्रकात त्याने एक पानभर टिपण लिहिलं होतं: 'फळ्या काढा. मागची बाजू घासून कोरं लाकूड वर आणा. जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. नटांना ग्रीस लावा. फळी कुजते ती मागून, पुढून नाही.' त्या टिपणाच्या प्रतींच्या प्रती निघाल्या. पाच राज्यांतले लोक ते पाठ म्हणायचे. डेल्मारला त्याचा अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

लोकांना वाटायचं, या माणसाला ट्रकांचं वेड आहे. वेड होतंच, पण एकाच ट्रकचं, आणि खरं सांगायचं तर त्या ट्रकच्या एकाच फळीचं.

अठ्ठ्याहत्तर साली डेल्मार सव्वीस वर्षांचा होता, नवीन लग्न झालेला. त्या साली त्याने लाल रंगाचा डॉज घेतला. मागच्या हौद्याच्या दोन्ही अंगांना ओकच्या फळ्या, दारांवर सोनेरी अक्षरं, आणि केबिनच्या पाठीमागे चकचकीत धातूची दोन उभी धुराडी. धुराच्या कायद्यात त्या वर्षापुरती एक पळवाट सापडली म्हणून असं दांडगं इंजिन त्यात बसलं होतं. असे ट्रक दोनच वर्षं निघाले. गोल दिव्यांचे पहिल्या वर्षीचे तर फारच थोडे. सिग्नल हिरवा झाला की शेजारच्या मोटारीतला माणूस आ वासून बघत राहायचा, आणि हे दोघं तोवर पुढच्या चौकात.

हे दोघं म्हणजे डेल्मार आणि त्याची बायको नदीन. चालवायची बहुतेक नदीनच. तो शेजारी बसून दाराची मूठ घट्ट धरायचा. एक्याऐंशीच्या शरदात धान्याच्या कोठारापाशी ती ट्रक मागे घेत होती आणि वजनकाट्याच्या खांबावर तिने तो घातला. डावीकडची दुसरी फळी मधोमध फुटली.

"खांब हलला," ती घरी येऊन म्हणाली.

"खांब?"

"वारा होता, डेल."

कारखान्यातून ओकचा एक तुकडा आणून त्याने नवीन फळी केली. तुकडा जरा आखूड होता, म्हणून तिसऱ्या बोल्टाजवळ घेवड्याच्या बीएवढी एक गाठ राहिली. कारखाना असलं गाठीचं लाकूड कधी वापरत नसे. पण बाकी फळी अशी जुळली की त्याला स्वतःलाही शेजारच्या फळीशी फरक दिसेना. तो बोल्ट आणायला आत गेला आणि परत आला, तर नदीन पेन्सिल कानाला लावून उभी. फळीची मागची बाजू तिने छातीशी धरलेली.

"काय लिहिलंस?"

"आता नाही वाचायचं. ट्रक विकशील त्या दिवशी वाच."

"मी कशाला विकतोय!"

"मग नको वाचूस," ती म्हणाली, आणि फळी तिने स्वतःच जागेवर बसवली.

अठ्ठ्याऐंशीत तिसरं मूल झालं. ट्रकमध्ये तिघं जेमतेम मावायची, पाच कुठली मावणार? एका रविवारी इलिनॉयहून एक माणूस ओढगाडी घेऊन आला. नदीन मुलांना घेऊन बहिणीकडे गेली होती. पाऊस येण्याच्या आत ट्रक चढवायचा म्हणून त्या माणसाची घाई, आणि थंडीत कार्ब्युरेटर कसा सांभाळायचा हे समजावण्यात डेल्मार दंग. ट्रक वळणापलीकडे गेला, ओढगाडीचा आवाज विरला, आणि मग त्याला फळी आठवली.

संध्याकाळी नदीनने पहिला प्रश्न तोच विचारला. "वाचलंस?"

गाडीबाबत जन्मात खोटं न बोललेला हा माणूस. पण बायकोच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायला त्याची जीभ वळेना. "हो," तो म्हणाला.

"मग?"

"छान आहे."

नदीनने भुवई उडवली. "बरं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पुढची अठ्ठावीस वर्षं तो शब्द त्याला पुरून उरला. जेवण कसं झालंय? छान आहे. "फळीसारखं छान, की खरंच छान?" नवा फ्रॉक कसा दिसतो? छान आहे. "फळीसारखा?" मुलं मोठी झाली, त्यांनाही ती म्हण पाठ झाली, फक्त कुठून आली हे त्यांना माहीत नव्हतं. काय लिहिलं होतं असं त्याने आडून आडून विचारलं की नदीन भुवई उडवायची. "तू वाचलंस ना?" खोटं कबूल करायला एक संध्याकाळ पुरली असती, पण ती संध्याकाळ उद्यावर ढकलता ढकलता माणूस म्हातारा झाला.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, इस्पितळात, शेवटी त्याने सांगितलं. "नदीन, मी ते वाचलंच नव्हतं."

"माहितीय मला," ती म्हणाली. आवाज पार बारीक झाला होता, पण थट्टा जागच्या जागी होती. "त्याच रात्री कळलं."

"काय होतं? सांग ना आता तरी."

"नाही सांगणार. तू शोध."

दोन दिवसांनी ती गेली.

इलिनॉयवाल्याने ट्रक कधीच पुढे विकून टाकला होता. त्याच्या पुढच्या माणसाचा पत्ता लागत नव्हता. काचेआडच्या पट्टीवर कोरलेला गाडीचा कारखान्यातला नंबर डेल्मारला तोंडपाठ होता. प्रत्येक मेळाव्यात लाल डॉज दिसला की तो आधी काचेतून नंबर बघायचा आणि मग डावीकडची दुसरी फळी. घरी नदीनची बाकी अक्षरं होती, सामानाच्या याद्या, नाताळची कार्डं. ती तो वाचायचा. पण ती त्याने आधीच वाचलेली होती. न वाचलेली अशी तिची एकच ओळ जगात शिल्लक होती, आणि ती वाचेपर्यंत नदीनचं त्याच्याशी बोलणं संपलं नाही असं त्याला मनापासून वाटायचं. तेवढ्यावर तो सकाळी उठत होता.

यंदाच्या जुलैत, शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, ओहायोची पाटी लावलेली एक ओढगाडी मैदानात शिरली. वर ताडपत्री. ताडपत्री निघाली तशी गोल दिव्यांचा लाल डॉज उन्हात आला. रंग फिका पडलेला, दारावरची सोनेरी अक्षरं निम्मी झिजलेली. ज्यांना कळतं त्यांनी हातातले पाव खाली ठेवले.

डेल्मार काचेपाशी गेला. नंबर वाचला. परत वाचला. मग डाव्या अंगाला वळून तिसऱ्या बोल्टाजवळ त्याने अंगठा टेकवला. घेवड्याची बी अंगठ्याखाली होती.

"काय रे, उन्हाचा त्रास होतोय का?" क्लीटने विचारलं. "पांढरा पडलास."

"काही नाही."

ट्रकची मालकीण मार्सी टिलॉट्सन पन्नाशीला आलेली, उन्हाने नाक सोललेली बाई. वडील हार्लन मार्चमध्ये वारले. घेतल्यापासून ट्रक त्यांनी गोठ्यामागच्या शेडमध्ये जपला आणि मेळाव्याला कधी आणला नाही. "लोक हात लावतात म्हणायचे," ती म्हणाली. "पण मनातून त्यांना तो कागद हवा होता. 'हात न लावलेला' असं लिहिलेला. या गाडीला तेल-पाण्यापलीकडे मी काही केलं नाही, असं मला शंभरदा सांगायचे. त्यांच्या थडग्यापाशी नेऊन वाचून दाखवणार आहे मी."

क्लीटचे डोळे लगेच भरून आले. त्याने तासभर गाडी तपासली आणि खिशातून पेन काढलं. "बाई, असा ट्रक मी वीस वर्षांत बघितला नाही. डेल, सही कर."

डेल्मारने पेन घेतलं नाही. मंडळाचा एक जुना रिवाज आहे: आपल्या घरात राहून गेलेल्या गाडीला आपण पारखायचं नाही, हातातला गुणांचा तक्ता खाली ठेवून बाजूला व्हायचं. त्याने तो सकाळी दहालाच खाली ठेवायला हवा होता, पण ठेवला नव्हता. आता सही केली तर फळी परत ओहायोला जाणार, शेडमध्ये, ताडपत्रीखाली. आणि खरं सांगितलं तर खात्रीसाठी फळी काढून बघावी लागणार. आयुष्यभर खरं बोलून त्याने लोकांची तोंडं कडू केली, त्याला कधी काही वाटलं नाही. आज पहिल्यांदा खरं बोलण्यात त्याचा फायदा होता, आणि म्हणून ते खरं त्याला चोरीसारखं वाटायला लागलं.

"डावीकडची दुसरी फळी मूळची नाही," तो म्हणाला.

"कोणती?" क्लीट वाकला. "कशावरून? मला तर काही दिसत नाही."

"मी केलीय ती." त्याने तक्ता गवतावर ठेवला. "ट्रक माझा होता. मी बाजूला व्हायला पाहिजे होतं. झालो नाही."

मग त्याने मार्सीला सगळं सांगितलं. खांब, पेन्सिल, रविवार, आणि तो 'छान आहे'. इतकं बोलताना क्लीटने त्याला कधी ऐकलं नव्हतं. मार्सीचा चेहरा आधी लाल झाला.

"म्हणजे तुम्हाला फळी हवी म्हणून माझ्या बाबांचा कागद गेला. असंच ना, मिस्टर हफ?"

"मलाही तसंच वाटतंय, पोरी. म्हणून सांगतो, ठरव तू. मी बाजूला झालोय. क्लीटला काही दिसलं नाही. तो एकटा सही करील, तुला कागद मिळेल. मी कुणाला बोलणार नाही."

"मी काही दिसलं नाही म्हणालो खरा," क्लीट घाम पुसत म्हणाला, "पण आता ऐकलंय रे, लेका. ऐकलेलं परत कसं विसरू?"

मार्सी ट्रकभोवती एक चक्कर मारून आली. "माझ्याकडे बाबांचं शेवटचं पत्र आहे," ती म्हणाली. "आठ ओळींचं. ते कुणी पाच मैलांवर ठेवलं असतं तर मी कुंपण तोडून गेले असते. पाना आणा."

पाना डेल्मारच्या खिशातच होता. तीन वर्षं होता. तो गवतावर बसला, हौद्याच्या खालून हात घातला आणि पहिल्या नटाला पाना लावला. अडतीस वर्षांचा नट. गंजून बसलेला असणार, तोडावा लागणार, असं धरून त्याने जोर लावला, आणि नट लोण्यासारखा फिरला.

डेल्मार थांबला. बोट लावून बघितलं. ग्रीस होतं.

दुसराही तसाच निघाला. तिसऱ्या नटापाशी त्याच्या बोटांना सगळं कळून चुकलं होतं, पण तो पाना फिरवत राहिला, कारण हातात दुसरं काही काम नव्हतं.

फळी सुटून मांडीवर आली. त्याने ती उलटी केली.

लाकूड स्वच्छ होतं, मधासारखं पिवळं. रेषेच्या दिशेने घासलेलं, एक ओरखडा नाही. वर तेलाचे दोन हात, काठापर्यंत सारखे. त्याने फळी तिरकी धरून उन्हाकडे वळवली. पेन्सिलीचा दाब लाकडात कुठे उरला असेल म्हणून बोटांची टोकं या काठापासून त्या काठापर्यंत फिरवली. पुन्हा फिरवली. घासणाऱ्याने हातचं काही राखलं नव्हतं.

"बाबा दर पाच वर्षांनी करायचे," मार्सी हळूच म्हणाली. "त्यांच्याकडे एक कागद होता. त्यात लिहिलंय तसंच." तिने केबिनमधल्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली एक घडी काढून त्याच्या हातात दिली.

प्रतीची प्रत, तिची प्रत. वरचं लिहिणाऱ्याचं नाव कापलं गेलं होतं. 'फळ्या काढा.' पुढे पेनने बरोबरची खूण. 'मागची बाजू घासून कोरं लाकूड वर आणा.' बरोबर. 'जवसाच्या तेलाचे दोन हात द्या.' बरोबर. 'नटांना ग्रीस लावा.' बरोबर. आणि कडेला, शेतकऱ्याच्या सावकाश, गोल अक्षरांत एक ओळ: 'डावी दुसरी. मागे कुणा बाईने नवऱ्याला काहीतरी लिहिलंय. खासगी दिसलं म्हणून वाचलं नाही. घासलं.'

क्लीटने डेल्मारच्या खांद्यावरून ते वाचलं. जत्रेच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी इंजिन सुरू केलं आणि बंद केलं.

"हा कागद तुमचा आहे का?" मार्सीने विचारलं. तिलाही आता उमगलं होतं. "मिस्टर हफ? तुम्ही लिहिलाय?"

डेल्मारने होकारार्थी मान हलवली. हार्लन टिलॉट्सनवर त्याला रागावता येईना. त्याच्या जागी तो असता तर त्यानेही वाचलं नसतं, आणि घासलं मात्र असतं, अगदी असंच. त्याला फक्त नदीन हवी होती. भुवई उडवलेली, पेन्सिल कानाला लावलेली. निदान तिचा एक 'प्रिय डेल' तरी.

तो फळी परत बसवायला लागला. मार्सीने नट एकेक करून त्याच्या हातात दिले. शेवटचा आवळून झाल्यावर ती त्याच्या शेजारी गवतावर बसली. तिचे डोळे भरले होते, आणि विचारू की नको असं करत तिने विचारलं, "पण काम कसं केलंय बाबांनी? ते तर सांगा."

डेल्मारने फळीवरून पालथा हात फिरवला.

"छान आहे," तो म्हणाला, आणि जुन्या सवयीने मागून येणाऱ्या टोमण्यासाठी थांबला.